ताजी प्रत, शिळी प्रत : वेबच्या कॅशेतला मुदतीचा हिशेब

एखादे वेबपान शेवटचे दहा दिवसांपूर्वी बदलले आहे. सर्व्हरने ते पाठवताना शेवटच्या बदलाची तारीख कळवली. ही प्रत किती वेळ चालवून घ्यायची, याबद्दल मात्र अवाक्षर काढले नाही. अशा वेळी ब्राउझर सहसा त्या दहा दिवसांचे दहा टक्के काढतो आणि पुढचा एक दिवस ती प्रत ताजी धरून चालतो. त्या दिवसभरात मूळ पान बदलले, तरी दुव्यावरून पुन्हा तिथे आलेल्या वाचकाला जुनेच पान दिसू शकते. सर्व्हरला कुणी विचारलेलेच नसते.

या दहा टक्क्यांमागचा विचार वेब अजून रांगत होते तेव्हाचा आहे. १९९२ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या व्हिन्सेंट केट यांनी ‘अ‍ॅलेक्स’ नावाची फाइल-व्यवस्था मांडली. जगभरच्या एफटीपी सर्व्हरांवरच्या फायली आपल्याच यंत्रावर असल्यासारख्या वापरता याव्यात, हा तिचा हेतू. दूरवरून आणलेली फाइल जवळ ठेवायची खरी, पण किती काळ? केट यांचे उत्तर असे: जी फाइल बरेच दिवस बदललेली नाही, ती आणखी काही दिवस तरी बदलण्याची शक्यता कमी. म्हणून तिच्या वयाच्या दहा टक्के इतका काळ प्रत चालवून घ्यावी. त्यानंतर तीस वर्षांनी, जून २०२२ मध्ये, एचटीटीपी कॅशेचे सध्याचे मानक आरएफसी ९१११ प्रसिद्ध झाले. रॉय फील्डिंग, मार्क नॉटिंगहॅम आणि जुलियन रेश्के यांनी संपादित केलेल्या या दस्तऐवजातही, सर्व्हर गप्प असेल तेव्हाचा नेहमीचा आकडा म्हणून दहा टक्केच नमूद आहेत.

साठवलेली प्रत ताजी की शिळी, हे कुणी आणि कशावरून ठरवायचे, या प्रश्नाला गेल्या तीस वर्षांत बरीच उत्तरे मिळाली. मुदतीची तारीख, सेकंदांतला कालावधी, फेरतपासणी, नाव बदलून पाठवलेल्या फायली, हुकमी सफाई. यातले एकही उत्तर मागच्याला पुरते हटवू शकले नाही. सगळी आज एकमेकांशेजारी नांदतात आणि बरेचसे घोळ त्यातूनच होतात.

मुळात कॅशेला मजकुराचा अर्थ कळत नाही. त्याच्यापाशी घड्याळ आणि सर्व्हरने धाडलेल्या चार ओळी, एवढेच असते. त्यामुळे ताजी म्हणजे बरोबर आणि शिळी म्हणजे चुकीची, असे समीकरण इथे लागू पडत नाही. औषधाच्या पाकिटावरची तारीख उलटली म्हणून गोळी त्याच रात्री निकामी होत नाही. तिच्या गुणाची हमी देणे कंपनी तिथे थांबवते. कॅशेतल्या प्रतीची मुदतही अशीच मूळ सर्व्हरने दिलेली हमी आहे. ती द्यायला त्या मजकुराचा धनी सोडून दुसरा कुणी लायक नाही. पुढे ज्या घटना येतील, त्यांतल्या बहुतेकांत ही हमी एकतर दिलेलीच नव्हती, नाहीतर न पेलणारी दिली होती.

वेबवर प्रती साठवण्याची सुरुवात झाली ती निव्वळ निकडीतून. १९९४ मध्ये जिनिव्हाला भरलेल्या पहिल्या वेब परिषदेत आरि लुओटोनेन आणि केविन अल्टिस यांनी प्रॉक्सी सर्व्हरवर निबंध मांडला. संस्थेतल्या सगळ्यांच्या विनंत्या एकाच यंत्रातून बाहेर जातात, तर तेच यंत्र प्रती साठवून दुसऱ्या माणसाला त्याच का देऊ नये, हा त्यातला एक मुद्दा होता. तेव्हाचा वेग लक्षात घेतला म्हणजे या कल्पनेची किंमत कळते. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने मुंबईसह मोजक्या शहरांत सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले, तेव्हा डायल-अप जोडणी सेकंदाला ९.६ किलोबिट इतक्या वेगाची होती. शंभर किलोबाइटचे एक चित्र उतरायला सव्वा मिनिटाहून जास्त. तेच चित्र पुन्हा मागवणे म्हणजे टेलिफोनचे बिल आणि सहनशक्ती दोन्ही खर्ची घालणे.

मे १९९६ मध्ये एचटीटीपी १.० ची नोंद आरएफसी १९४५ म्हणून झाली. त्यात मुदत सांगायचा मार्ग एकच होता: ‘एक्स्पायर्स’ नावाची ओळ आणि तिच्यापुढे पूर्ण तारीख-वेळ. अमुक तारखेच्या अमुक वाजेपर्यंत ही प्रत ताजी, बस. वाचायला सोपे, पण पाठवणाऱ्याचे आणि साठवणाऱ्याचे घड्याळ जुळत असेल तरच खरे. सर्व्हरचे घड्याळ तासभर मागे असेल आणि मुदत अर्ध्या तासाची असेल, तर प्रत पोचायच्या आधीच शिळी. शिवाय तारीख लिहिण्याच्या तीन पद्धती चालत, त्यांतल्या एकीत वर्षाला दोनच आकडे होते. अनेक प्रोग्रामर तर तारखेच्या जागी नुसते शून्य किंवा उणे एक लिहून मोकळे होत. त्यामुळे, वाचता न येणारी तारीख म्हणजे मुदत संपलेली समजावी, असा नियम पुढे मानकातच घालावा लागला. तो आजही आहे.

याच काळात एक वेगळी अडचण पुढे आली, आणि ती तांत्रिक नव्हती. जाहिरातींवर चालणाऱ्या साइटींना किती वाचक आले ते मोजायचे होते. मधल्या प्रॉक्सीने प्रत दिली की तो वाचक मूळ सर्व्हरच्या नोंदवहीत येत नसे. म्हणून साइटींनी न बदलणाऱ्या पानांवरही ‘मुदत संपली’ असा शिक्का मारायला सुरुवात केली. जेफ्री मोगल आणि पॉल लीच यांनी ऑक्टोबर १९९७ मध्ये आरएफसी २२२७ मधून तोड सुचवली: प्रॉक्सीने प्रत साठवावी, पण किती जणांना दिली ते मूळ सर्व्हरला कळवावे. ही तोड रुजली नाही. मुदतीची ओळ ताजेपणासाठी आहे, पण ती लिहिणाऱ्याच्या मनात बऱ्याचदा दुसराच हिशेब असतो, हे मात्र तेव्हापासून उघड आहे.

एचटीटीपी १.१ ची पहिली आवृत्ती, आरएफसी २०६८, जानेवारी १९९७ ची. तिने तारखेऐवजी कालावधी आणला. ‘कॅशे-कंट्रोल’ या ओळीत ‘मॅक्स-एज=६००’ असे लिहिले की ही प्रत तयार झाल्यापासून सहाशे सेकंद ताजी. प्रॉक्सीसारख्या सामायिक कॅशेसाठी वेगळा आकडा द्यायचा असेल तर ‘एस-मॅक्सएज’, तो १९९९ च्या आरएफसी २६१६ ने आणला. अग्रक्रमही ठरला: सामायिक कॅशेने आधी एस-मॅक्सएज पाहावे, ते नसेल तर मॅक्स-एज, तेही नसेल तर एक्स्पायर्समधून पाठवल्याची तारीख वजा करावी, आणि यातले काहीच नसेल तर अंदाज बांधावा.

या सगळ्यात वयाचा हिशेब सर्वांत कमी लोकांना नीट माहीत असतो. मॅक्स-एज सहाशे असले की प्रत आपल्या ब्राउझरमध्ये दहा मिनिटे टिकेल, असे बहुतेक जण गृहीत धरतात. ते चूक आहे. समजा, मूळ सर्व्हरने दहा वाजता प्रत तयार केली. ती चार मिनिटे मधल्या कॅशेत पडून राहिली. दहा वाजून चार मिनिटांनी ब्राउझरने विनंती केली, तेव्हा कॅशेने प्रत दिली आणि सोबत ‘एज’ या ओळीत २४० लिहिले. विनंती जाऊन उत्तर यायला दोन सेकंद लागले. मग ब्राउझरच्या दृष्टीने प्रत हातात पडली तेव्हाच ती २४२ सेकंदांची होती. ताजेपणाचे ३५८ सेकंद उरले. प्रवासाचा वेळ पुरता धरायचा, कारण त्यातला किती भाग जाण्यात आणि किती येण्यात गेला ते कळायला मार्ग नाही.

आता याच ब्राउझरचे घड्याळ पाच मिनिटे पुढे आहे असे धरू. तो आणखी एक वजाबाकी करतो: आपल्या घड्याळातली वेळ उणे प्रतीवरची तारीख. ती येते ५४२. दोन हिशेबांतला मोठा आकडा खरा मानायचा, असा नियम. म्हणून अठ्ठावन्न सेकंदांत प्रत शिळी ठरते. घड्याळ पाच मिनिटे मागे असेल तर वजाबाकी उणे येते, ती शून्य धरली जाते आणि २४२ हाच आकडा राहतो. घड्याळ कोणत्याही बाजूला चुकले, तरी प्रत जास्त वेळ ताजी दाखवली जात नाही. झालेच तर ती लवकर शिळी ठरते आणि एक फेरी वाढते. एका ओळीत मावणाऱ्या या सूत्रात फार विचार भरलेला आहे. घड्याळांवर विश्वास टाकता येत नाही हे मान्य करून, नुकसान कोणत्या बाजूला झालेले परवडेल ते त्याच्या कर्त्यांनी आधीच ठरवून टाकले.

अंदाजाच्या बाजूनेही थोडे बोलायला हवे, कारण तो सरसकट वाईट नाही. हार्वर्डच्या जेम्स ग्वर्ट्झमन आणि मार्गो सेल्ट्झर यांनी १९९६ मध्ये तीन पद्धतींची तुलना केली: ठरावीक मुदत, बदल होताच सर्व्हरने सगळ्यांना कळवणे, आणि अ‍ॅलेक्सची वयावर आधारलेली पद्धत. त्यांच्या मते तिसरी पद्धत बाकी दोघींपेक्षा सर्व्हरवरचा भार आणि वाहतूक जास्त वाचवते आणि नीट बेतली तर शिळी प्रत पाच टक्क्यांहून कमी वेळा देते. स्क्विड या प्रसिद्ध प्रॉक्सीने हीच वाट धरली. डुएन वेसल्स यांनी १९९६ च्या सुमारास हार्वेस्ट प्रकल्पातून पुढे आणलेल्या या सॉफ्टवेअरच्या नेहमीच्या मांडणीत वयाचे वीस टक्के आणि जास्तीत जास्त ४३२० मिनिटे, म्हणजे तीन दिवस, असा नियम असतो.

अडचण सरासरीत दडलेली आहे. स्टॅनफर्डच्या जुंगहू चो आणि हेक्टर गार्सिया-मोलिना यांनी १९९९ मध्ये २७० साइटींवरची ७,२०,००० पाने चार महिने रोज पाहिली. व्यापारी साइटींवरची चाळीस टक्क्यांहून जास्त पाने दररोज बदलत होती. शिक्षणसंस्था आणि सरकारी साइटींवरची निम्म्याहून अधिक पाने चार महिन्यांत एकदाही बदलली नाहीत. वर्षभर न बदललेले सरकारी पान आणखी महिनाभर बदलणार नाही, हा अंदाज शंभरात नव्व्याण्णव वेळा खरा ठरेल. पण ज्या एका दिवशी ते बदलते, त्याच दिवशी लोक ते उघडतात. परिपत्रक निघते, अर्जाची तारीख पुढे ढकलली जाते, निकाल लागतो. वयावरून बांधलेला अंदाज नेमका तेव्हाच फसतो, कारण पान जितके जुने तितकी त्याला मिळालेली मुदत मोठी. टक्क्यांत मोजली तर ही चूक नगण्य वाटते, पण ती वाचकाच्या गरजेच्याच वेळी होते. म्हणून तिचे वजन वेगळे धरायला हवे.

यातच एक छोटा सापळा आहे. ‘पान सापडले नाही’ सांगणारे ४०४ हे उत्तरही मानकाप्रमाणे साठवता येते आणि अनेक सीडीएन, म्हणजे साइटींच्या प्रती वाचकांजवळच्या सर्व्हरांवर ठेवणाऱ्या सेवा, ते काही काळ साठवतातही. समजा, दहावीच्या निकालाचा दुवा आधीच सगळीकडे पसरला आहे आणि पान दुपारी एकला चढणार आहे. बाराला पन्नास मिनिटांनी कुणीतरी उतावीळपणे दुवा उघडतो, ४०४ मिळते, आणि ते मधल्या कॅशेत जाऊन बसते. त्यावर पंधरा मिनिटांची मुदत असेल, तर निकाल लागून पाच मिनिटे झाली तरी तिथून येणाऱ्या प्रत्येकाला ‘सापडले नाही’ हेच दिसेल. न सापडण्यालाही मुदत लिहावी लागते आणि ती अगदी आखूड ठेवावी लागते.

मुदत संपल्यावर प्रत टाकून द्यावी लागत नाही, ही एचटीटीपीतली फार चांगली सोय. ब्राउझर विचारतो: माझ्यापाशी अमुक तारखेची प्रत आहे, तिच्यानंतर काही बदलले का? बदल नसेल तर सर्व्हर ३०४ एवढेच उत्तर देतो, मजकूर पाठवत नाही आणि जुनी प्रत नव्या मुदतीनिशी पुन्हा ताजी होते. तारखेची ही पद्धत १.० पासूनची. तिची बारीकी सेकंदाएवढीच असल्यामुळे एका सेकंदात दोनदा बदललेल्या फायलीला ती फसते. म्हणून १.१ ने ईटॅग आणला: प्रत्येक आवृत्तीला सर्व्हरने दिलेली खूणचिठ्ठी. चिठ्ठी जुळली तर प्रत तीच.

ईटॅगनेही आपला हिसका दाखवला. अपाची सर्व्हर पूर्वी ही चिठ्ठी फायलीचा डिस्कवरचा अंतर्गत क्रमांक, बदलाची वेळ आणि आकार यांवरून तयार करी. एका साइटसाठी चार यंत्रे असली, की चारही ठिकाणी फाइल तीच, पण डिस्कवरचा क्रमांक वेगळा. वाचकाची पहिली विनंती एका यंत्राकडे गेली आणि दुसरी भलतीकडे, की चिठ्ठी जुळत नसे आणि एक अक्षरही न बदललेली फाइल पुन्हा उतरवली जाई. अपाची २.४ मध्ये तो क्रमांक नेहमीच्या मांडणीतून काढला गेला.

इथे ‘नो-कॅशे’ आणि ‘नो-स्टोअर’ यांची गल्लत टाळायला हवी. नो-कॅशे असलेली प्रत साठवता येते, मात्र दर वेळी सर्व्हरला विचारल्याशिवाय ती वापरायची नाही. साठवूच नये असे हवे असेल, तर नो-स्टोअर. बँकेच्या खात्याच्या पानावर पहिला शब्द लिहून निर्धास्त राहणारा प्रोग्रामर चुकतो. रोज बदलणाऱ्या मुखपृष्ठावर दुसरा लिहिणारा वाचकाचा डेटा विनाकारण खर्च करतो.

फेरतपासणीत मजकूर वाचतो, पण फेरी होतेच. मोबाइलच्या अशक्त जोडणीवर ही फेरीच सर्वांत महाग असते. ती टाळण्याचा उपाय सर्व्हर चालवणाऱ्यांनी कामातून शोधला, आणि तो या साऱ्या प्रश्नावरचे सर्वांत देखणे उत्तर आहे. फायलीत काहीही बदलले की तिचे नावच बदलायचे. शैलीच्या फायलीच्या नावात तिच्या मजकुरावरून काढलेली आठ-दहा अक्षरांची खूण घालायची. मजकूर बदलला की खूण बदलते, म्हणजे पत्ता बदलतो. जुन्या पत्त्यावरचा मजकूर कधीच बदलणार नसल्यामुळे त्यावर वर्षाची, ३,१५,३६,००० सेकंदांची, मुदत बिनधास्त घालता येते. याहू कंपनीत काम करणाऱ्या स्टीव्ह सॉडर्स यांनी २००७ च्या ‘हाय परफॉर्मन्स वेब साइट्स’ या पुस्तकात लांबच्या मुदतीचा आग्रह धरला. २०११ मध्ये वेबसाइट बांधण्याच्या रेल्स या चौकटीच्या ३.१ आवृत्तीने नावात खूण घालण्याचे काम आपोआप होईल अशी व्यवस्था दिली. आज बहुतेक मोठ्या साइटींच्या फायलींची नावे अशीच असतात.

तरीही एक फट उरली होती. वाचकाने पान पुन्हा लोड करण्याचे बटण दाबले, की ब्राउझर मुदत उरलेल्या फायलींचीही चौकशी करी. फेसबुकसारख्या साइटवर अशा विनंत्यांचा ढीग पडे आणि जवळजवळ प्रत्येकीचे उत्तर ३०४. मोझिलाच्या पॅट्रिक मॅकमॅनस यांनी ‘इम्म्युटेबल’ हा शब्द सुचवला: मुदत असेपर्यंत ही प्रत बदलणारच नाही, बटण दाबले तरी विचारू नका. सप्टेंबर २०१७ मध्ये तो आरएफसी ८२४६ म्हणून मानकात आला.

पण नाव बदलण्याची युक्ती ज्या पानात ती नावे लिहिलेली असतात, त्या पानाला लागू पडत नाही. त्याचा पत्ता लोकांच्या तोंडी असतो, तो बदलून चालत नाही. म्हणून त्या पानावर आखूड मुदत किंवा नो-कॅशे, आणि त्यातल्या फायलींवर वर्षाची मुदत, ही जोडी ठरून गेली. ती उलटी झाली तर काय होते, ते सर्व्हिस वर्करच्या नियमावरून समजावे. सर्व्हिस वर्कर ही साइटच्या सगळ्या विनंत्या मध्येच अडवू शकणारी स्क्रिप्ट. तिच्यावर चुकून वर्षाची मुदत पडली आणि तिच्यात दोष निघाला, तर दुरुस्त स्क्रिप्ट वाचकापर्यंत पोचण्याचा मार्गच बंद. म्हणून ही स्क्रिप्ट तपासताना चोवीस तासांहून जुनी साठवलेली प्रत ब्राउझर मानत नाही, मुदत काहीही लिहिलेली असो. मालकाचा शब्द डावलण्याची मुभा अशी क्वचितच दिली जाते, आणि इथे ती योग्यच आहे.

मग आधी मुदत ठरवण्याऐवजी बदल झाला की कळवण्याचे काय? १९९७ मध्येच पेई काओ आणि चेंगजी लिउ यांनी, सर्व्हरने प्रती नेणाऱ्यांची यादी ठेवून बदल होताच त्यांना कळवले, तर खर्च फार वाढत नाही, असे दाखवले होते. कोट्यवधी ब्राउझरांची यादी ठेवणे कुणी मनावर घेतले नाही. पण साइटच्या मालकाच्या ताब्यातल्या कॅशेंपुरती ही कल्पना जोरात चालली. नॉर्वेतल्या ‘व्हर्डेन्स गांग’ या वृत्तपत्राच्या साइटसाठी पौल-हेनिंग काम्प यांनी लिहिलेले व्हार्निश हे कॅशे-सॉफ्टवेअर २००६ मध्ये आले. बातमी दुरुस्त झाली की तेवढीच प्रत हुकमी पुसायची, ही वर्तमानपत्राची गरज त्यातून भागली.

या पद्धतीचे सर्वांत मोठे उघडे उदाहरण विकिपीडिया. लॉग-इन न केलेला वाचक मराठी विकिपीडियावरचा लेख उघडतो, तेव्हा तो बहुधा जवळच्या केंद्रातल्या कॅशेतून येतो. कुणी लेख संपादित केला, की विकिपीडियाचे सॉफ्टवेअर मीडियाविकी त्या पत्त्याची प्रत पुसण्याचा निरोप सगळ्या केंद्रांना धाडते. एखादा साचा बदलला तर तो वापरणाऱ्या सगळ्या लेखांचे काम रांगेत लागते. म्हणून साच्यातली दुरुस्ती काही लेखांत उशिरा दिसते. वाचकाच्या ब्राउझरला मात्र वेगळीच ओळ जाते: मॅक्स-एज शून्य आणि ‘मस्ट-रिव्हॅलिडेट’, म्हणजे दर वेळी विचारा. कारण ब्राउझरमधली प्रत बाहेरून पुसता येत नाही. जिथे हुकूम चालतो तिथे मोठी मुदत आणि चालत नाही तिथे शून्य, हा विकिपीडियाचा धडा कुठल्याही बातम्यांच्या साइटने गिरवावा असा आहे. २०२२ च्या आरएफसी ९२१३ ने सीडीएनसाठी मुदतीची स्वतंत्र ओळ मानकातच आणून हा भेद अधिकृत केला.

प्रत शिळी होण्याचा क्षण स्वतःच धोक्याचा असतो, हे लक्षात यायला काही साइटी कोसळाव्या लागल्या. २५ जून २००९ रोजी मायकल जॅक्सन यांच्या निधनाची बातमी आली आणि विकिपीडियावरच्या त्यांच्या लेखावर वाचकांची झुंड लोटली. त्याच वेळी लेख सतत संपादित होत होता, म्हणजे प्रत पुन्हा पुन्हा बाद होत होती. लांबलचक, संदर्भांनी भरलेला लेख नव्याने तयार करणे हे जड काम. ते शेकडो विनंत्यांनी एकाच वेळी सुरू केले आणि सर्व्हर गुदमरले. त्यातून पूलकाउंटर ही व्यवस्था आली. एका विनंतीने लेख तयार करायचा, बाकीच्यांनी थांबायचे किंवा थोडी जुनी प्रत घ्यायची.

पुढच्याच वर्षी, २३ सप्टेंबर २०१० रोजी, फेसबुक सुमारे अडीच तास बंद पडले. साठवलेले एक मूल्य चुकीचे दिसले की प्रत्येक यंत्राने डेटाबेसकडून नवे आणायचे, अशी आपोआप दुरुस्तीची सोय होती. पण मूळ मूल्यच चुकीचे नोंदले गेले. सगळी यंत्रे डेटाबेसवर तुटून पडली. भाराने डेटाबेस चुका परत देऊ लागला. चूक आली म्हणजे मूल्य चुकीचे, असे समजून यंत्रांनी साठवलेले मूल्यही पुसले आणि पुन्हा डेटाबेस गाठला. हे चक्र तोडायला साइट बंद करावी लागली. शिळी प्रत देणे पाप नव्हे, हे या प्रसंगाइतके ठळकपणे दुसऱ्या कशाने पटत नाही.

मार्क नॉटिंगहॅम यांनी मे २०१० च्या आरएफसी ५८६१ मध्ये याच विचाराला दोन नावे दिली होती. ‘स्टेल-व्हाइल-रिव्हॅलिडेट’: मुदत संपल्यावर इतके सेकंद जुनी प्रत द्या आणि मागच्या मागे नवी आणा. ‘स्टेल-इफ-एरर’: सर्व्हर आजारी असेल तर इतके सेकंद जुन्यावर भागवा. सीडीएननी हे लवकर उचलले. क्रोम आणि फायरफॉक्समध्ये पहिली सोय यायला २०१९ उजाडले. २०१५ मध्ये आंद्रेआ वत्तानी आणि सहकाऱ्यांनी आणखी एक तोड गणिताने मांडली: मुदत जवळ आली की प्रत्येक विनंतीने फासा टाकायचा, प्रत तयार करायला जितका जास्त वेळ लागत असेल आणि मुदत जितकी जवळ असेल, तितकी ती आधीच नवी करण्याची शक्यता वाढवायची. सगळे एकाच क्षणी धावत नाहीत, कारण फासा प्रत्येकाचा वेगळा पडतो.

प्रत ताजी असणे आणि ती आपली असणे, यांतला फरक स्टीमच्या ग्राहकांनी २५ डिसेंबर २०१५ रोजी अनुभवला. व्हॉल्व्ह कंपनीच्या या खेळांच्या दुकानावर हल्ला झाला आणि विनंत्या सरासरीच्या २००० टक्क्यांनी वाढल्या. भार सांभाळण्यासाठी कॅशे चालवणाऱ्या भागीदाराने नवे नियम लावले. त्यांतल्या एकाने लॉग-इन केलेल्या ग्राहकांची पानेही साठवली. दीड तासभर लोकांना परक्यांची खात्यांची पाने दिसत होती. सुमारे ३४,००० ग्राहकांची माहिती अशी उघडी पडल्याचे कंपनीने सांगितले. सेकंदांच्या हिशेबात ती पाने ताजीच होती. मुदतीचा आकडा ठरवण्याआधी ही प्रत कुणाकुणाला देता येईल ते ठरवावे लागते, आणि त्यासाठी ‘प्रायव्हेट’ हा शब्द १९९७ पासून मानकात आहे.

तीस वर्षांचे हे सारे पाहिल्यावर एक निवाडा देता येतो. प्रश्न तांत्रिकदृष्ट्या सुटलेला आहे. वयाचा हिशेब, फेरतपासणी, खुणेची नावे, हुकमी सफाई, जुन्यावर भागवण्याची मुभा, सगळे हाताशी आहे आणि फुकट आहे. तरीही मुदतीची ओळ न लिहिता उत्तरे पाठवणारे सर्व्हर थोडे नाहीत, आणि त्यांच्या वतीने १९९२ चा अंदाज निर्णय घेतो. शासकीय परिपत्रके, निकाल, रुग्णालयांच्या वेळा, गाड्यांची वेळापत्रके यांची पाने ज्यांच्या हाती आहेत, त्यांना तर हे परवडणारे नाही.

आपल्या साइटवर ही ओळ आहे की नाही, ते पाहायला मिनिटभरही लागत नाही. ब्राउझरची डेव्हलपर टूल्स उघडावीत, नेटवर्कच्या खणात आपल्या साइटचे मुख्य पान निवडावे आणि उत्तरासोबत आलेल्या ओळींत कॅशे-कंट्रोल शोधावी. ती नसेल, तर पान किती वेळ टिकावे हे ठरवून आजच लिहावी. काहीच ठरत नसेल, तर ईटॅगसह नो-कॅशे लिहावे आणि मग सवडीने आकड्याचा विचार करावा.